जुन्या डायनामोवाल्या ट्रॅक्टरचे चार्जिंग तपासायला व्होल्टमीटर कोणता घ्यावा?

काळीमाती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घरी दोन जुने ट्रॅक्टर आहेत. एक महिंद्रा बी-२७५, वडिलांनी घेतलेला. त्याला अजून मूळचा ल्युकास पद्धतीचा डायनामो (इंजिनवर फिरून डीसी वीज करणारा) आणि कटआउटची डबी (डायनामो बॅटरीला जोडणारं-तोडणारं कटआउट आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) आहे. दुसरा मॅसी १०३५, त्याला आधीच्या मालकाने अल्टरनेटर (एसी वीज करून आतल्या डायोडने ती डीसी करणारा) बसवून घेतलाय.

बी-२७५ची बॅटरी उतरते. गळीत हंगामात रात्री ट्रॉली घेऊन निघायचं म्हणजे दोन हेडलाइट आणि मागचा दिवा लागतोच, आणि सकाळी सेल्फ ‘टक्’ करून गप्प. मग उतारावर लावा, नाहीतर माणसं गोळा करा. एक मिस्त्री म्हणतो डायनामो भरून घ्या, म्हणजे तारेचं वाइंडिंग नवीन करा. दुसरा म्हणतो कटआउट गेलं. तिसऱ्याच्या मते बॅटरीच बदला. तिघांपैकी एकानेही मीटर लावून बघितला नाही.

पैसे खर्च करण्याआधी स्वतः मोजायचंय. बजेट हजार-दीड हजार. दुकानात चार प्रकार दिसले: दोनशे-अडीचशेचा पिवळा डिजिटल, काट्याचा, रेंज आपोआप धरणारा, आणि डॅशबोर्डवर बसवायचा लाल आकड्यांचा. यातला कोणता?

बांधावरचा

दादा, मीटर कशाला? २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी, दोन चिमटे. पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही. आमची सगळी उमर यावरच गेली.

सेल्फडायनामो

बल्ब हवाच, त्याच्याकडे पुढे येतो. पण चार्जिंगच्या कामात ‘आहे’ की ‘नाही’ एवढ्यावर भागत नाही. ‘किती’ ते लागतं. बारा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचं सगळं गणित दीड-दोन व्होल्टच्या पट्ट्यात असतं. रात्रभर उभ्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी. चार्ज होताना १३.८ ते १४.४ हवेत. १५ च्या वर गेलं तर पाणी उकळून उडणार आणि प्लेटा खराब होणार. बल्ब १२.२ लाही पेटतो आणि १२.७ लाही पेटतो. डोळ्याला फरक कळत नाही.

म्हणून मीटर घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा: १२ ते १५ व्होल्टच्या मधे तो दशांश किती स्पष्ट दाखवतो? त्या पिवळ्या डीटी-८३० जातीच्या मीटरवर डीसी २० ची रेंज असते आणि त्यात ०.०१ व्होल्टपर्यंत आकडा दिसतो. ट्रॅक्टरच्या कामाला तेवढं खूप झालं. माझ्या दुकानात महागडा आहे, पण शेतावर जाताना पिशवीत हाच टाकतो. ट्रॉलीखाली गेला तर जीव जळत नाही.

मात्र त्याच्यासोबत येणाऱ्या वायरी फेकून द्या. केसासारख्या बारीक असतात, आतून तुटतात आणि आकडा नाचायला लागतो. चिमट्यांच्या जाड वायरी वेगळ्या घ्या. चालू इंजिनवर पंखा आणि पट्ट्याजवळ दोन्ही हातांनी टोकं धरून उभं राहणं बरं नाही. चिमटे लावायचे, बाजूला व्हायचं, मग ॲक्सिलरेटर द्यायचा. गळ्यात उपरणं नको.

काटाप्रेमी

डायनामोसाठी काट्याचा मीटरच. डिजिटलवर आकडे नुसते नाचतात. जुन्या कटआउटच्या डबीतला रेग्युलेटर म्हणजे थरथरणारा कॉन्टॅक्ट. सेकंदाला कितीतरी वेळा उघडतो-मिटतो. डिजिटल सेकंदाला दोन-तीनदाच मोजतो, दरवेळी आकडा थोडा वेगळा. काटा मात्र सरासरीवर शांत उभा राहतो. वर, इंजिनचा वेग वाढवताना काटा सरळ चढतो का अडखळत, ते एका नजरेत कळतं. डायनामोतला कार्बन (ब्रश) नीट बसत नसेल तर काटा थरथरून सांगतो.

आणि काट्याचा मीटर सर्किटवर लोड घेतो, त्यामुळे गंजलेल्या वायरचं खोटं व्होल्टेज दाखवत नाही. हा फायदा लोक विसरतात. आमच्या आयटीआयमध्ये नाशिकच्या मोटवानेचे काट्याचे मीटर होते, ते अजून डोळ्यासमोर आहेत.

ओहमशांती

काटाप्रेमी, चढउतार बघायला काटा उत्तम, हे मान्य. पण दोन गोष्टी.

पहिली, रेंजची. बाजारात सहज मिळणाऱ्या ३६० जातीच्या काट्याच्या मीटरवर डीसीच्या रेंज २.५, १०, ५०, २५० अशा असतात. आपली बॅटरी १२ ची. म्हणजे १० च्या रेंजवर काटा शेवटाला आपटतो, आणि ५० वर लावला तर एक घर एक व्होल्टचं. १२.२ आणि १२.६ मधला फरक अर्ध्या घराहून कमी. तिथे नजर तिरकी झाली तरी तेवढा फरक पडतो. चार्जिंग १३.६ आहे की १४.४ हे त्यावर ठरवायचं म्हणजे अंदाजपंचे. काट्याचाच हवा असेल तर १५ किंवा २० व्होल्टपर्यंतचा, फक्त डीसीचा पॅनेल मीटर घ्या आणि लाकडी खोक्यात बसवा. मोठी तबकडी असेल तर झकास काम करतो.

दुसरी, लोडची. हा मीटर व्होल्टला २० हजार ओहम असतो. ५० च्या रेंजवर झाले १० लाख ओहम. बारा व्होल्टला त्यातून १२ मायक्रोअँपिअर जातात. गंजलेल्या थिंबलला (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीला) हा लोड कळणारही नाही. डिजिटलच्या तुलनेत जास्त आहे, पण दोन्ही शून्याच्या जवळचेच. खरा लोड बांधावरचा यांचा २१ वॅटचा बल्ब, पावणेदोन अँपिअर. तेव्हा मीटर आणि बल्ब दोन्ही घ्या: संशय असलेल्या जागी बल्ब लावायचा आणि तो पेटलेला असताना मीटर बघायचा. १२.४ चे ७ झाले, की वायर किंवा जोड खराब.

बांधावरचा

बघा, शेवटी बल्बावरच आले सगळे 😄

काळीमाती

वा, भरपूर माहिती. आपोआप रेंज धरणारा घेतला तर? दुकानदार म्हणतो त्यात चुकायला वाव नाही.

ओहमशांती

घरातल्या वायरिंगला चांगला. डायनामोवर वैताग देतो. व्होल्टेज चढायला लागलं की तो रेंज बदलत बसतो, तोवर तुम्ही वेग वाढवून मोकळे. घेतलात तर रेंज अडकवून ठेवायचं बटण आहे का ते बघा, आणि कमाल-किमान धरून ठेवणारं असेल तर सोन्याहून पिवळं. सेल्फ मारताना बॅटरी कुठवर खाली गेली ते किमान आकड्यात सापडतं. ९.६ च्या खाली गेली तर आधी बॅटरी तपासा.

कंपनीचा चांगला मीटर हवाच असेल तर नाशिकच्याच रिशभचे, मोटवानेचे आहेत, मेकोचेही आहेत. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत हातात घेऊन बघता येतात. पण तुमच्या कामाला तेवढा खर्च लागत नाही.

सेल्फडायनामो

डायनामो कसा तपासायचा ते लिहितो, कारण त्यावरून मीटरमध्ये काय लागतं तेही कळेल.

डायनामोला दोन टोकं: मोठं डी (वीज बाहेर येते ते), लहान एफ (फील्ड कॉइलचं). दोन्हींच्या वायरी काढा आणि वेगळ्या बांधून ठेवा. डी आणि एफ एका वायरच्या तुकड्याने जोडा. मीटरचं एक टोक त्या जोडाला, दुसरं डायनामोच्या अंगाला, रंग खरवडून. इंजिन चालू करून हळूहळू वेग वाढवा. मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास व्होल्टेज झपझप आणि न अडखळता चढलं पाहिजे. २० च्या पुढे नेऊ नका. रेग्युलेटर सुटलेला असताना वेग दिला तर डायनामो स्वतःलाच जाळून घेतो.

आता आकडे वाचा. काहीच नाही: कार्बन आणि तो ज्यावर घासतो तो कम्युटेटर बघा. अर्धा ते एक व्होल्ट: फील्ड कॉइलमध्ये दोष. चार-पाचवर अडकला: आर्मेचर (आतला फिरणारा भाग). झपकन २० कडे गेला: डायनामो निरोगी, भरायला देऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

इथे त्या पिवळ्या मीटरची एक खोड लक्षात ठेवा. २० च्या रेंजवर तो १९.९९ पर्यंतच दाखवतो. पुढे गेलं की डावीकडे नुसता १ उरतो. लोकांना वाटतं एक व्होल्ट आला, फील्ड गेली! ही चाचणी २०० च्या रेंजवर करायची. काट्याचा असेल तर ५० वर, आणि इथे काटा खरंच छान दिसतो.

आणि डायनामो आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता) चार्ज करत नाही. आयडलला लाल दिवा मंद पेटणं जुन्या डायनामोला साहजिक आहे. अल्टरनेटरची सवय झालेले लोक आयडलवर मीटर लावून डायनामोला नावं ठेवतात.

नांगरट

मीटरशिवाय पण सोपा उपाय आहे की. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची. इंजिन बंद पडलं तर डायनामो खराब.

सेल्फडायनामो

नाही हो, कृपा करून हे करू नका. आपला ट्रॅक्टर डिझेलचा. पंप यांत्रिक. एकदा चालू झाला की बॅटरी उचलून घरी नेली तरी तो चालत राहणार. त्या चाचणीतून काही म्हणजे काही कळत नाही. पेट्रोल गाडीवरून आलेली सवय आहे ती.

वर अल्टरनेटर असेल तर बॅटरी सुटताक्षणी व्होल्टेजची उसळी येते आणि डायोड किंवा रेग्युलेटर जातो. म्हणजे चांगला अल्टरनेटर तपासता तपासता मारायचा. आमच्याकडे अशी गिऱ्हाइकं नेमाने येतात. धंदा होतो, तक्रार नाही.

नांगरट

डिझेलचा मुद्दा पटला. हा विचार कधी केला नव्हता.

तारांगण

मॅसीच्या अल्टरनेटरबद्दल. डायोड तपासायला मीटर एसीवर लावून बॅटरीवर बघतात. चांगल्या मीटरवर, इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना, एसी ०.१-०.२ व्होल्ट दिसलं तर ठीक, अर्ध्याच्या वर गेलं तर एखादा डायोड गेलेला असण्याची शक्यता दाट.

पण हे डीटी-८३० वर करू नका. त्याची सगळ्यात लहान एसी रेंज २०० ची, आणि आत डीसी अडवणारा कपॅसिटर नाही. इंजिन बंद असलेल्या साध्या बॅटरीला एसीवर लावून बघा, २६-२८ दाखवेल. टोकं उलटी करा, शून्य. माझ्या मेव्हण्याने यावरून बॅटरीत एसी शिरल्याचं जाहीर केलं होतं.

म्हणून ज्यांना अल्टरनेटरचं काम वरचेवर करायचंय त्यांनी एसी २ किंवा २० व्होल्टची खरी रेंज असलेला मीटर घ्यावा. फक्त डायनामो असेल तर हा खर्च वाचतो.

अल्टरनेटरबद्दल अजून एक. डॅशवरचा चार्जिंगचा दिवा उडाला असेल तर बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंटच मिळत नाही. मीटर १२.४ दाखवतो आणि माणूस अल्टरनेटर उतरवतो. आधी तो छोटा बल्ब बघा.

शिवारातला

लाल आकड्यांच्या डॅशबोर्ड मीटरबद्दल कोणी बोललं नाही. मी लावलाय, दोन वायरींचा. कामाचा आहे, पण तपासणीचा मीटर म्हणून नाही. माझा ०.२ जास्त दाखवतो. पण रोज १४.१ दिसणारा आकडा एके दिवशी १३.३ दिसला की कळतं काहीतरी बिघडलं. पट्टा सैल झालेला त्याच्यामुळेच सापडला.

लावताना चावीच्या पुढे जोडा, थेट बॅटरीला नको. नाहीतर ट्रॅक्टर महिनाभर उभा राहिला की हाच बॅटरी खातो. आणि दुपारच्या उन्हात आकडे दिसत नाहीत, हे दुकानदार सांगत नाही.

ओहमशांती

शिवारातला यांनी बरोबर नस पकडली. कोणताही स्वस्त मीटर घेतल्यावर एकदा बॅटरीवाल्याच्या चांगल्या मीटरशी त्याच बॅटरीवर ताडून बघा आणि जो फरक येईल तो मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. शिवाय मीटरमधला ९ व्होल्टचा सेल उतरला की हे मीटर आकडा वाढवून दाखवतात. सगळ्यांच्या बॅटऱ्या अचानक १३.५ दाखवायला लागल्या तर आनंद मानू नका, सेल बदला.

काटाप्रेमी

क्लॅम्पमीटरचं काय? अँपिअर कळले तर सगळंच कळलं. जुन्या डॅशवरचा ३०-०-३० चा अँपमीटर बहुतेक ट्रॅक्टरवर मेलेला असतो.

तारांगण

डीसी मोजणारा क्लॅम्प हवा, हे दुकानदाराकडून तीनदा वदवून घ्या. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी अँपिअर मोजतात, डीसीच्या वायरवर शून्य दाखवत बसतात. डीसीवाला दीड-दोन हजारांपासून पुढे. मिळाला तर मोठा आनंद: ल्युकासचा सी-४० डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअरचा, सी-३९ त्याहून थोडा कमी. दोन हेडलाइट आणि नांगराचा दिवा मिळून बारा-एक अँपिअर खातात. वर एलईडीच्या पट्ट्या आणि गाण्यांचा डेक. डायनामो कुठे संपतो ते लगेच दिसतं.

आणि साध्या मीटरचं १० अँपिअरचं भोक सेल्फच्या किंवा चार्जिंगच्या वायरीत घालू नका. स्वस्त मीटरवर त्या भोकाला फ्यूजसुद्धा नसतो.

काळीमाती

पिवळा मीटर, वेगळ्या जाड वायरी आणि २१ वॅटचा बल्ब-होल्डर घेतला. पाचशेच्या आत झालं. आज सेल्फडायनामो यांच्या पद्धतीने बी-२७५ तपासला.

रात्रभर उभी बॅटरी: १२.१.
डी-एफ जोडून: झपकन चढला, २० ला थांबवला. म्हणजे डायनामो चांगला!
वायरी परत जोडून, कटआउटच्या डबीवर, अर्ध्या ॲक्सिलरेटरला: ए वर (बॅटरीकडे जाणारं टोक) १२.१, जशीच्या तशी. डी वर १९, आणि वेग दिला की अजून वर. दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं होतं.

मग कटआउटच गेलं ना? नवीन आणू?

सेल्फडायनामो

थांबा, आणू नका. डी चा आकडा नीट बघा. नुसतं कटआउट चिकटत नसतं तर रेग्युलेटरने डी ला सुमारे १६ वर धरून ठेवलं असतं. तुमचा डी मोकाट सुटलाय. म्हणजे कटआउटही ओढत नाही आणि रेग्युलेटरही ओढत नाही. दोन्ही कॉइली एकाच दिवशी जळण्यापेक्षा दोघींची सामाईक वाट तुटण्याची शक्यता जास्त. ती वाट म्हणजे डबीचं ई टोक, अर्थ.

आता बॅटरीच्या निगेटिव्हपासून ई पर्यंत मोजा, इंजिन चालू ठेवून. शून्याच्या जवळ पाहिजे. वेग जास्त देऊ नका.

काळीमाती

ई वर १८.६!

डबीमागे बघितलं. अर्थची वायर दिसायला शाबूत, पण थिंबलमध्ये हिरवी पूड, आणि खालचा बोल्ट रंगावर बसवलेला. मागे ट्रॅक्टर रंगवला तेव्हाचा असणार. नवीन थिंबल, जागा घासून पत्रा उघडा केला, वर थोडं ग्रीस. आता अर्ध्या ॲक्सिलरेटरला बॅटरीवर १३.६ वरून हळूहळू १४.२, दिवे लावून १३.१. ई वर ०.०३.

बांधावरचा

मानलं राव. माझा बल्ब ए वर पण पेटला असता आणि डी वर पण.

ओहमशांती

अगदी. हीच युक्ती पूर्ण गाडीला लागू करा. चार्जिंग चालू, दिवे लावलेले: डायनामोच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.२ च्या आत, आणि अल्टरनेटरच्या जाड टोकापासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत ०.३ च्या आत. जास्त आलं तर त्या वाटेवरचा कुठला तरी जोड खातोय. इथे ०.०१ दाखवणारी रेंज कामाला येते, काट्याला इतकं बारीक जमत नाही.

काटाप्रेमी

मान्य. तरी डी-एफच्या चाचणीला मी काटाच लावणार.

मळणीवाला

उशिरा आलो. माझ्याकडे जुना आयात केलेला इंग्लिश फोर्ड आहे, बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेलं. त्यावर हाच मीटर चालेल का?

सेल्फडायनामो

चालेल. डिजिटलचं काळं टोक बॉडीला लावलंत तर आकड्यापुढे वजा दिसेल, एवढंच, आकडा खरा. काट्याचा मीटर असेल तर टोकं बदलून लावा, काटा उलटा आपटतो. लाल आकड्यांचा डॅशबोर्ड मीटर मात्र उलटा जोडला तर चालत नाही, त्याची लाल वायर बॉडीकडे जाईल. डायनामो उघडून बसवला तर आधी एफची डबीकडची वायर सोडा आणि बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकावरून एक वायर एफला क्षणभर टेकवा, म्हणजे चुंबकत्व योग्य दिशेला बसतं. तुमच्यात ते टोक निगेटिव्हचं. अल्टरनेटर बसवायचा विचार असेल तर आधी बॅटरी फिरवून निगेटिव्ह बॉडीला घ्यावी लागेल, नाहीतर जोडल्या क्षणी डायोड जातील.